सुनेच्या हत्याराची पूजा

नांदेड
२ ऑक्टोबर, दसरा

अहो,

सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. आपट्याची पानं पाकिटात घातली आहेत. देगलूरला पोचेपर्यंत चुरा झाला तर तो एसटीचा दोष, माझा न्हाई.

फोन सोडून चिठ्ठी का, असं वाटेल. तुम्हाला फोनवर काही सांगायचं म्हणजे मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की कॉलनीतल्या बाया पोळपाट सोडून गॅलरीत येतात. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी न्हाई.

काल खंडेनवमी. दरसालाप्रमाणे घरातली हत्यारं देवापुढं मांडली. विळी, अडकित्ता, माझी शिलाई मशीन. सत्यमची मोटारसायकल आत येईना म्हणून तिला दाराशीच हार घातला. मग मनात आलं, आपली धाकटी सून पोट कशावर भरते? खुरप्यावर तर न्हाई. दीपमाला पुण्याला ट्रेनिंगला जाताना कंपनीचा लॅपटॉप घेऊन गेली, स्वतःचा घरी ठेवून गेली. सगळ्यांची हत्यारं पुजायची आणि सुनेचं तेवढं अंधारात ठेवायचं, हे काही मला बरं दिसेना. कपाटातून काढला. मिटलेल्या तोंडाची पूजा कशी करायची म्हणून उघडून मांडला. हळदीकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि नारळ फोडला. नारळ आडमुठा निघाला. पहिल्या घावाला ढिम्म, दुसऱ्याला असा फुटला की पाण्याचा एक थेंब देवीला गेला न्हाई. सगळं बटणांवर.

पुसला, उलटा केला, ज्वारीच्या कोठीत पुरला. मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात म्हणे. आपल्या घरातले तांदूळ संपले होते. आज बघते तर बटणं चिकटून बसलेली आणि वरून ज्वारीचा कोंडा. मग केसांतला आकडा काढला आणि एकेक बटण उचकटलं. साबणाच्या पाण्यात धुतली, चाळणीत वाळत घातली. निघाली लई झकास. बसेना एकही.

सत्यमला काही कळलेलं न्हाई. घराची भिंत पडली तरी तो वारा कुठून येतोय एवढंच विचारील. दुकानात न्यावा तर दुकानदाराचं खातं सत्यमच्याच बँकेत.

बैठकीत विहीणबाईंनी काय अट घातली होती ते आठवतंय ना? देणंघेणं न्हाई, मानपान न्हाई. मुलीच्या कपाटाला आणि लॅपटॉपला तिच्याशिवाय कुणाचा हात लागायचा न्हाई, एवढंच. ती अट का घातली ते पाहुण्यांतल्या लहान पोरालाही कळलं होतं. आपल्या थोरल्या सुनेचं, गीतांजलीचं कपाट मी नुसतं आवरून दिलं होतं, तर भागवत बायकोला घेऊन संभाजीनगरला वेगळा झाला. आता घरात ही एकच सून. सगळ्यांसमोर मी हाव म्हणाले होते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत शब्द मोडला. दिवाळीला ती येईल, कपाट उघडील, आणि मग हे घर आपल्या दोघांना खायला उठेल.

काय करू ते कळवा. चिठ्ठीतसुद्धा ओरडू नका.

उज्वला


देगलूर, शेतावरून
४ ऑक्टोबर

सौ. उज्वलास,

पानं मिळाली. चुराच.

सोयाबीन ओलं हाय. मळणीवाला आज येतो उद्या येतो करून राहिला. लॅपटॉपचं मला काय कळतंय? विहिरीवरच्या मोटारीत पाणी गेलं तर आपण काय करतो? बटण दाबत न्हाई. तू बी दाबू नको.

विहीणबाईंनी लातुरात अख्खी हयात टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली. त्यांना विचार. खरं सांगून विचार.

मी ओरडलो न्हाई. बांधावर बसून एकटाच हसलो.

अण्णाराव


नांदेड
५ ऑक्टोबर

श्रीमती तारामतीताई विहीणबाई यांना उज्वलाचा सप्रेम नमस्कार.

आमचे शेजारी शिवलिंगअप्पा डाळीच्या व्यापाराला लातूरला येऊन-जाऊन असतात, त्यांच्यासोबत हे पत्र. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण सत्यमनं माझा फोन त्याच्या कॉम्प्युटरला जोडून ठेवलाय. मी इथं खोकले तरी त्याला तिथं दिसतं.

काम असं की, आमच्या शेजारी एक बाई आहेत. स्वभावानं चांगल्या, थोड्या पुढं पुढं करणाऱ्या. त्यांच्या घरात एका लॅपटॉपवर काहीतरी सांडलं. काय सांडलं, कसं सांडलं, हे मी खोदून विचारलं न्हाई. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचा माझा स्वभाव न्हाई, हे तुम्हाला माहीतच आहे. बाईंनी बटणं काढून धुतली. खाली पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नाजूक कड्या आहेत. काही बटणांसोबत आल्या, काही तिथंच राहिल्या. कुठलं बटण कुठं होतं याचा फोटो काढायचं भान बाईंना राहिलं न्हाई. नमुन्याला एक बटण आणि एक कडी पाठवते. घरातल्या कुणालाही कळू न देता दिवाळीच्या आत सगळं जागेवर बसलं पाहिजे. बाई फार काळजीत आहेत. त्यांना झोप न्हाई.

दीपमाला पुण्यात मजेत आहे. रोज फोन करून औषध घेतलं का विचारते. मी घेतलेलं नसलं तरी घेतलं म्हणते, आणि तिला ते कळतं.

आपली,
उज्वला


लातूर
८ ऑक्टोबर

उज्वलाताई,

बटण मिळालं. त्याच्या कोपऱ्यात लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. तो मी लावलेला आहे. दीपमालाला डोळे मिटून टायपिंग शिकवताना बोट कुठून निघालं आणि कुठं परत यायचं ते कळावं म्हणून. तेव्हा शेजारीणबाईंना आता विश्रांती द्या.

सगळं माझ्या लक्षात आलं. ही मुलगी स्वतःचा लॅपटॉप घरी ठेवून पुण्याला गेली हे ऐकलं तेव्हाच मला शंका आली होती. मशिनजवळ चहा घेऊन बसायची तिची खोड जुनी आहे. सांडला असेल, घाबरली असेल, कपाटात लपवून निघून गेली असेल. आणि ते तुमच्या हाती लागल्यावर तुम्ही काय केलंत? चारचौघींत सुनेचा उद्धार न करता, मुलाच्या कानावर न घालता, एक शेजारीण उभी करून सुनेचं झाकलंत. उज्वलाताई, मी आयुष्यात पुष्कळ सासवा पाहिल्या. माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये सुनेला टायपिंग शिकायला सोडायला येणाऱ्या आणि खिडकीतून तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्याही पाहिल्या. तुमच्यासारखी पाहिली नाही. बैठकीत तुमच्याकडे बघून माझ्या मनात जे काही आलं होतं, त्याची आज लाज वाटते.

ती अट मी का घातली, हेही सांगून टाकते. लोकांना वाटलं तुमच्या मोठ्या सुनेवरून घातली. तसं नाही. ह्यांनी हौसेनं घेतलेल्या ज्या मशिनांवर हे गेल्यावर आमचं घर चाललं, ती इन्स्टिट्यूट बंद करताना भंगारवाला घेऊन गेला. हातगाड्यावर चढवताना एकेका मशिनची घंटी वाजत होती. त्या पैशातून आला तो लॅपटॉप. म्हणून जीव अडकलाय, दुसरं काही नाही.

आता कामाचं. चालू करू नका, चार्जरला लावू नका. दार किंचित उघडं ठेवल्यासारखा उघडून, टेबलाच्या कडेवर पालथा घालून ठेवा. कडीत कोंडा दिसतोय, ज्वारीत वगैरे पुरला असेल तर लगेच काढा. ज्वारी भाकरीसाठी असते. मेडिकलमधून स्पिरिट आणा, कानाच्या काडीनं बटणांखालची सगळी जागा हलक्या हातानं पुसा. चिकटपणा बोटाला लागेनासा झाला की मगच बटणांकडे वळा. कुठलं कुठं, ते मी मागच्या पानावर काढून दिलंय. मला त्यासाठी बघावं लागत नाही.

कडी म्हणजे एकात एक अडकवलेल्या दोन चौकटी आहेत. पाळण्यासारख्या हलतात. आधी ती कडी खालच्या पत्र्याच्या बारीक आकड्यांत एका बाजूनं सरकवा, मग दुसरी बाजू दाबा. मधल्या रबरी टोपीला धक्का लावू नका. कडी बसली की बटण अगदी नीट वर धरून मधोमध दाबा. टिक असा आवाज येतो. आवाज आला नाही तर जोर करू नका, उचला आणि पुन्हा धरा. जोर केला की कडीचा कान तुटतो, आणि तुटलेला कान कुणालाच बसवता येत नाही. लांब बटणांना खाली तार असते. आधी तार अडकवायची.

तुम्हाला जमेल. जिला एवढं झाकता आलं तिला एवढं बसवता येईल.

तुमची,
तारामती


नांदेड
१२ ऑक्टोबर

तारामतीताई,

तुमचं पत्र मी देवापुढं ठेवलं. मग उचललं, वाचलं, परत ठेवलं. तुम्ही ओळखलंतच, तर आता मी काय बोलायचं? इतकं कौतुक माझ्या आईनंही कधी केलं न्हाई, सासूचं तर विचारूच नका. ते खरं धरून चालायची सवय लागायच्या आत काम सांगते.

स्पिरिटनं पुसलं. बटणांखालून काय काय निघालं ते बघितलं तर माणसानं दुसऱ्याच्या स्वयंपाकघराला नावं ठेवायचं सोडून द्यावं. मग तुमच्या नकाशाप्रमाणं बसले. पहिली कडी बोटातून उडाली ती थेट देव्हाऱ्यात. दुसरी माझ्या पदरात. तिसरी खाटेखाली, आणि मी तिच्यामागं. सत्यम आला, मला पालथी बघून म्हणाला, आई, काय हरवलं? मी म्हटलं, कानातलं. त्यानं बरं म्हटलं आणि टीव्ही लावला. माझ्या दोन्ही कानांत कानातली होती.

पण ताई, पहिला टिक ऐकला ना, तेव्हा मला वाटलं माझ्या आत काहीतरी जागेवर बसलं. मग मी अख्खी दुपार उठले न्हाई. चोळीला हूक लावायचे हात आहेत हे. जोर न करता जोर कसा करायचा ते त्यांना कळायला लागलं. एक ओळ पूर्ण बसवली आणि बघते तर एक घर सरकून बसलेली, शेवटच्या बटणाला जागाच न्हाई, लग्नाच्या पंगतीतल्या आगाऊ पाहुण्यासारखं उभं. सगळी परत उचकटली. लांब बटणाच्या तारेनं रडवलं. तुम्ही हे डोळे मिटून सांगता, वर्षानुवर्षं पोरींना शिकवता, मशिनी स्वतः खोलून परत लावता, आणि बैठकीत किती गप्प बसला होतात. मला वाटलं होतं, गर्व असेल. तुमच्या विद्येला माझा नमस्कार.

थोडी राहिली आहेत. एक विनंती. मुलीला काही बोलू नका. तिचा काही दोष न्हाई.

तुमची,
उज्वला


लातूर
१४ ऑक्टोबर

उज्वलाताई,

तुम्ही नको म्हणालात तरी मला राहवलं नाही. तुमचं पत्र वाचून झालं आणि मी दीपमालाला फोन लावला. म्हटलं, लॅपटॉपवर काय सांडून ठेवलंस? सासूबाई बिचाऱ्या खाटेखाली सरपटत तुझ्या कड्या शोधताहेत, आणि तू पुण्यात ट्रेनिंग करतेस?  ती म्हणाली, "हो आई, माझ्याच हातून चहा सांडला. आईंना फार त्रास झाला का?"

एवढंच. नाही म्हणाली नाही, रडली नाही. मी पुष्कळ बोलले. निष्काळजी म्हणाले, बापाच्या आठवणीची किंमत नाही म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. आता दिवाळसणाला ती आणि जावईबापू इकडे येतील तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर मी तिला तुमच्या नावानं माफी मागायला लावणार आहे. माझ्या दोन्ही बहिणींना तुमच्याबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, अशी सासू असते का? मी म्हटलं, नांदेडला आहे.

तारामती


नांदेड
१६ ऑक्टोबर

तारामतीताई,

अशी सासू नांदेडला न्हाई. बहिणींना कळवा.

चहा सांडलाच न्हाई. खंडेनवमीला मी तुमच्या लेकीचं कपाट उघडलं, लॅपटॉप काढला, देवापुढं मांडला आणि त्यावर नारळ फोडला. त्या दिवशी ती पुण्यात होती. सांडलं ते नारळाचं पाणी, माझ्या हातून, देवीला थेंबही न जाता. ज्वारीत पुरला तो मी. शेजारीण ती मीच, आणि थोडी न्हाई, चांगलीच पुढं पुढं करणारी.

आमच्या ह्यांनी सांगितलं होतं खरं सांगून विचार. मी विचारलं, खरं तेवढं वगळलं. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा एका ओळीत सगळं मिटलं असतं. पण ताई, मोठ्या सुनेच्या वेळेपासून मी सगळ्या पाहुण्यांत सुनेचं कपाट उघडणारी बाई आहे. तुम्ही पहिल्यांदा मला वेगळी म्हणालात. ते सोडवेना.

आता त्या पोरीचं बघा. तुम्ही रागावत होतात तेव्हा तिला नुसतं एवढंच कळलं असेल की लॅपटॉप भिजलाय आणि सासू कड्या शोधते आहे. तेवढ्यावरून तिनं सगळं ओळखलं आणि अंगावर घेतलं. मला फोन करून विचारलंसुद्धा न्हाई. रात्री नेहमीसारखा फोन केला आणि म्हणाली, औषध घेतलं का? माझ्या हातात तेव्हा तिचंच एक बटण होतं. मी घेतलं म्हणाले, आणि ते खोटं होतं, आणि ती हसली.

माझ्यावर कुणी असं पांघरूण घातलं न्हाई आजपर्यंत. ते पांघरून मी आरामात झोपले असते, पण बापाची किंमत न्हाई असं तिला ऐकावं लागलं, ते माझ्यामुळं. पाहुण्यांसमोर माफी मागायची असेल तर मी लातूरला येते. तुम्ही सांगाल त्या पाटावर बसते. शब्द मोडला तो मी. तिला न्यायचं असेल तर तोही तुमचा अधिकार आहे. पण ती निष्काळजी आहे असं तुमच्या घरातली भिंतसुद्धा म्हणायला नको.

सगळी बटणं बसली आहेत. चालू केलेला न्हाई. तो अधिकार तिचा.

उज्वला


लातूर
१८ ऑक्टोबर

उज्वलाताई,

मी चिडले. खोटं कशाला बोलू. पत्र ठेवून दिलं, भांडी घासली, जी घासलेली होती तीही घासली. मग तुम्ही नारळ फोडताना डोळ्यांसमोर आलात, आणि देवीला थेंबही मिळाला नाही हे आठवून मला हसू फुटलं. तुमच्यावर चिडून राहायला माणसाला फार तयारी लागते.

माझ्या मुलीला मी ओळखलं नाही, तिच्या सासूला ओळखलं नाही, आणि नेलपॉलिशचा ठिपका तेवढा ओळखला. इतकी वर्षं पोरींच्या चुका लाल शाईनं काढणारी मी.

न्यायचं-आणायचं मी ठरवणार नाही. दीपमाला परवा नांदेडला पोचेल. तिला सगळं सांगा, आणि ती काय म्हणते ते मला जसंच्या तसं कळवा. तिची माफी मला वेगळी मागायची आहे.

तारामती


नांदेड
२२ ऑक्टोबर, पाडवा

तारामतीताई,

जसंच्या तसं कळवते.

ती आली, बॅग ठेवली, हातपाय धुतले. मी लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. नारळापासून तुमच्या पत्रापर्यंत. तिनं मधे एकदाही थांबवलं न्हाई. लॅपटॉप चालू केला, आणि माझ्याकडं बघत बघतच बटणांवरून बोटं फिरवली. खाली बघितलंच न्हाई. ताई, तुमची विद्या मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितली. एक बटण दोनदा दाबावं लागतं. बाकी सगळी पळतात.

मग म्हणाली, "आई, फोनवर माझी आई रागावली तेव्हा मला कळलं, तुम्ही कुणाला तरी घाबरून राहिलात. मला वाटलं, माझ्या आईला. लगेच लक्षात आलं, मलाच. मी घरात येऊन वर्ष न्हाई झालं आणि तुम्ही मला घाबरता, ते मला आवडलं न्हाई. म्हणून चहा म्हणाले."

मी म्हटलं, पण अट मोडली ना मी. कपाटाला हात लावला.

ती हसली. म्हणाली, "ती अट माझ्या आईनं घातली आणि तुम्ही कबूल केली. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. मला कुणी विचारलं होतं का?"

 ताई, हे तुम्हालाही लागू आहे. तिचं बोलणं अगदी तुमच्यासारखं आहे. आवाज न चढवता बरोबर जागेवर बसतं. शेवटी मीच विचारलं, मग बाई, तुझी अट काय? तिनं विचार करायला वेळसुद्धा घेतला न्हाई. म्हणाली, कपाट उघडा, लॅपटॉप पुजा, पुढच्या वर्षी नारळ तेवढा बाहेर ओट्यावर फोडू. पण तुम्ही दोघींनी माझ्या पाठीमागं माझ्याबद्दल काही ठरवायचं न्हाई. चांगलंसुद्धा न्हाई.

सत्यम तिथंच बसला होता. त्यानं विचारलं, कुठला लॅपटॉप?

हे पत्र मी तिला वाचून दाखवलं आहे आणि तिच्याच हाती देऊन पाठवते, दोघं दिवाळसणाला तुमच्याकडं येताहेत. माफीचं काय ते तुम्ही तिच्याशी बोला. मला त्यावर काही लिहू नका, आणि मीही तुम्हाला तिच्याबद्दल यापुढं एक ओळ लिहिणार न्हाई, कौतुकाची आली तरी गिळीन. एक शब्द मोडून बसले आहे, दुसरा पाळून बघते. पत्र मात्र थांबवू नका. लिहायला सोयाबीन आहे, शिवलिंगअप्पांची डाळ आहे, आणि मला तुमच्याकडून टायपिंग शिकायचं आहे.

तुमची,
उज्वला